व्ह्यूची रुंदी शून्य का येते? माप नक्की कधी घ्यायचं आणि कुणाला विचारायचं?

खटपट्या

मंडळी, एक साधं काम आहे पण डोकं फिरायची वेळ आलीये. अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये एका बटणाच्या वर छोटा हिंटचा फुगा दाखवायचाय, पहिल्यांदा अ‍ॅप उघडणाऱ्यासाठी, "इथे दाबा म्हणजे फिल्टर उघडेल" टाइप. फुगा बटणाच्या बरोबर मध्यावर हवा आणि खालचा बाण बटणाकडे बोट दाखवत हवा. एवढंच.

आता त्यासाठी मला बटणाची रुंदी, बटण स्क्रीनवर कुठे आहे ते, आणि फुग्याची रुंदी अशा तीन गोष्टी हव्यात. ऑनक्रिएटमध्ये (स्क्रीन तयार होताना चालणारं फंक्शन) सेटकंटेंटव्ह्यू झाल्यावर, म्हणजे मांडणी लावल्यावर, लगेच बटणाची गेटविड्थ (रुंदी) विचारली तर शून्य. फुग्याची विचारली तर तीही शून्य. एक्सएमएलमध्ये (मांडणीची फाइल) बटणाला रॅप कंटेंट (आतल्या मजकुराएवढं) दिलंय, फुग्याच्या रूटला (सगळ्यात बाहेरच्या चौकटीला) २४० डीपी (पिक्सेलऐवजी वापरायचं माप) दिलंय, तरी शून्यच. लेआउट पॅरम्समधून वाचली तर उणे दोन येते, ही काय भानगड आहे? दोन हजार ठिकाणी एकच उत्तर आहे की हँडलर (काम उशिरा चालवणारा) लावा आणि शंभर मिलिसेकंद थांबा. तसं केलं तर माझ्या फोनवर चालतं, पण टेस्टिंगवाल्यांच्या एका जुन्या फोनवर फुगा डाव्या कोपऱ्यात जाऊन बसतो.

मूळ प्रश्न असा की माप मिळायची खात्रीशीर वेळ कुठली? आणि फुगा तर अजून स्क्रीनवर आलेलाच नाही, त्याचं माप आधीच कसं काढायचं?

शून्यमनस्क

उणे दोन म्हणजे रॅप कंटेंटच. तो आकडा नाही, खूण आहे. मॅच पेरेंट (बाहेरच्या चौकटीएवढं) म्हणजे उणे एक. लेआउट पॅरम्समध्ये तुम्ही *मागितलेलं* असतं, *मिळालेलं* नाही.

आणि ते शंभर मिलिसेकंदवालं काढून टाका आधी. स्लो फोनवर पहिला लेआउट व्हायला जास्त वेळ लागला की संपलं, आणि फास्ट फोनवर उगाच फुगा उशिरा टपकतो.

निवांत

खटपट्या, शून्य येतं कारण त्या क्षणी खरंच शून्य आहे. कापड फाडायच्या आधीच सदरा मोजायला गेल्यासारखं आहे ते. सेटकंटेंटव्ह्यूने फक्त व्ह्यूंचं (बटण, मजकूर अशा स्क्रीनवरच्या घटकांचं) झाड तयार होतं, म्हणजे कोण कुणाच्या आत आहे एवढंच ठरतं. मोजमाप त्यानंतर होतं, विंडोला झाड जोडलं गेलं की मग, आणि तेही दोन फेऱ्यांत. पहिली मेझरची फेरी, वरून खाली. प्रत्येक आईबाप व्ह्यू आपल्या पोराला सांगतो की तुला एवढी जागा आहे, बोल तुला किती हवी. पोरगं उत्तर देतं. ते उत्तर म्हणजे मेझर्डविड्थ. मग दुसरी लेआउटची फेरी, त्यात आईबाप शेवटचा निर्णय देतो की तू इथून इथपर्यंत. गेटविड्थ म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, राइट वजा लेफ्ट. लेआउटची फेरी व्हायच्या आधी दोन्ही शून्य, म्हणून उत्तर शून्य.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा की मेझर्डविड्थ आणि विड्थ एकच असतील असं नाही. बहुतेक वेळा असतात. पण पोराने मागितलेलं आणि आईबापाने दिलेलं यात फरक पडू शकतो, विशेषतः कुणी स्वतःचा कस्टम व्ह्यूग्रुप (पोरं सांभाळणारा व्ह्यू) लिहिला असेल तर.

खात्रीशीर वेळ म्हणाल तर बटणावर पोस्ट करा (काम नंतर चालवायला द्या). व्ह्यू अजून विंडोला जोडलेला नसेल तर ते काम रांगेत राहतं आणि पहिली मोजणी उरकल्यावर चालतं. कोटलिन भाषा असेल तर कोअर केटीएक्स लायब्ररीतलं डू-ऑन-लेआउट त्याहून बरं, कारण लेआउट आधीच झालेला असेल तर ते तिथल्या तिथे चालतं आणि नसेल तर पुढच्या लेआउटची वाट बघतं.

उंटावरचा_शहाणा

ग्लोबल लेआउट लिसनर (लेआउट झाला की कळवणारा) लावा की सरळ, सगळीकडे तोच वापरतात.

शून्यमनस्क

लावा, पण काढायला विसरू नका. तो एका व्ह्यूचा नसतो, अख्ख्या झाडाचा असतो. कुठेही काहीही हललं तरी वाजतो. त्यातच तुम्ही फुग्याचा आकार बदलला की परत लेआउट, परत लिसनर, परत आकार... फोन गरम होईपर्यंत चक्र चालू. काढायच्या फंक्शनचं नावही एपीआय १६ (अँड्रॉइडच्या आवृत्तीचा क्रमांक) च्या आधी वेगळं होतं, ग्लोबल आणि ऑन यांची जागा उलटी, त्यामुळे जुन्या कोडमध्ये दोन्ही दिसतात.

खटपट्या

डू-ऑन-लेआउट लावलं, बटणाची रुंदी आली. धन्यवाद 🙏

फुग्याचं मात्र अडलंय. तो पॉपअप विंडोमध्ये (स्क्रीनवर तरंगणारी वेगळी खिडकी) आहे. दाखवल्याशिवाय लेआउट होत नाही आणि माप कळल्याशिवाय कुठे दाखवायचा ते कळत नाही. कुठेतरी बघून मेझर शून्य कॉमा शून्य असं केलं तर मेझर्डविड्थ मिळाली, पण छोट्या मजकुराला ठीक येते आणि लांब मजकुराला १६०० च्या पुढे जाते, माझी स्क्रीनच १०८० ची आहे. शून्य देऊन १६०० कसे काय येतात?

निवांत

हां, इथे खरी मजा आहे. मेझरला तुम्ही जे दोन आकडे देता ते आकडे नसतातच मुळी. ३२ बिटांचा एक इंटिजर, त्याच्या वरच्या दोन बिटांत मोड भरलेला आणि उरलेल्या तीस बिटांत साइज. मोड तीन. एक्झॅक्टली म्हणजे एवढाच हो, कमी नाही जास्त नाही. अ‍ॅटमोस्ट म्हणजे एवढ्यापर्यंत काय हवं ते घे. अनस्पेसिफाइड म्हणजे मनाला येईल तेवढा हो. आणि अनस्पेसिफाइडची किंमत शून्य आहे! म्हणजे तुम्ही मेझरला शून्य दिलंत तर त्याचा अर्थ "तुला शून्य जागा" असा होत नाही, "तुला अमर्याद जागा" असा होतो. टेक्स्टव्ह्यूला (मजकूर दाखवणारा व्ह्यू) अमर्याद जागा मिळाली की तो सगळा मजकूर एका ओळीत पसरतो. म्हणून १६००.

तुम्हाला हवंय ते अ‍ॅटमोस्ट. विंडोची रुंदी घ्या, त्यातून दोन्ही बाजूंचे मार्जिन वजा करा, मेकमेझरस्पेकने त्याचा वरच्यासारखा इंटिजर अ‍ॅटमोस्ट मोडने बनवा आणि तो रुंदीला द्या. उंचीला अनस्पेसिफाइड चालेल. मग मजकूर दोन ओळींत मोडेल आणि उंचीही खरी मिळेल. पॉपअपला मग तीच मोजलेली रुंदी आणि उंची द्या म्हणजे तो दाखवताना वेगळं काही ठरवणार नाही.

अजून एक. रूटला दिलेले २४० डीपी कुठे गेले तर तुम्ही इन्फ्लेट करताना (एक्सएमएलमधून व्ह्यू बनवताना) पेरेंटच्या जागी नल (काहीच नाही) दिला असणार. रूटवरचे लेआउट विड्थ, लेआउट हाइट हे आईबापासाठीचे निरोप असतात, आईबापच नाही म्हटल्यावर ते निरोप वाचणारं कुणी नाही, टाकून दिले जातात. आतल्या टेक्स्टव्ह्यूला मॅक्सविड्थ द्या, ते काम करेल, कारण ते टेक्स्टव्ह्यूचं स्वतःचं आहे, त्याला आईबाप लागत नाही.

ओवी

निवांत दादा हे फारच भारी समजावलंत, मी दोन वर्षं मेझर शून्य शून्य कॉपी पेस्ट करतेय आणि मला वाटायचं ती काहीतरी डिफॉल्ट व्हॅल्यू आहे 😅

एक विचारू का, पॅडिंग आणि मार्जिन यात येतं की नाही? दर वेळी गोंधळ होतो.

निवांत

पॅडिंग येतं, मार्जिन येत नाही. पॅडिंग व्ह्यूच्या पोटात असतं, मार्जिन हा परत आईबापासाठीचा निरोप.

जुनाखोड

तुम्हा लोकांचं वाचून बरं वाटलं, म्हणजे दुखणं तेच आहे, डॉक्टर बदलले फक्त. आम्ही जावा एमई वर (जुन्या साध्या फोनवरचं जावा) काम करायचो तेव्हा कॅनव्हासची गेटहाइट विचारायची आणि मग फुल स्क्रीन मोड ऑन करायचा, की झाली उंची वेगळी. त्याच्या एमआयडीपी २.० या प्रोफाइलमध्ये साइजचेंज्ड नावाचा कॉलबॅक (आकार बदलला की सिस्टिम बोलावते ते फंक्शन) होता, तो खरा. जो कन्स्ट्रक्टरमध्ये उंची विचारून व्हेरिएबलमध्ये ठेवायचा त्याचा गेम खालच्या पट्टीखाली जायचा.

विंडोज मोबाइलवर तर अजून मजा. डॉटनेट कॉम्पॅक्ट फ्रेमवर्कमध्ये मेझरस्ट्रिंग होतं, पण डेस्कटॉपवर जसं "एवढ्या रुंदीत बसव आणि उंची सांग" म्हणता यायचं तसं इथे नव्हतं, एका ओळीचंच माप मिळायचं. लेबलमध्ये मजकूर किती ओळी घेईल हे काढायला थेट सिस्टिमच्या ड्रॉटेक्स्टला हाक मारायची आणि कॅल्करेक्टचा फ्लॅग लावायचा, म्हणजे ते रंगवत नाही, नुसतं चौकोन मोजून देतं. बघा म्हणजे, अ‍ॅटमोस्ट तेव्हाही हेच होतं, रुंदी मी देतो, उंची तू सांग.

पामच्या हातातल्या छोट्या कॉम्प्युटरवर सुखी होतो. १६० बाय १६०, विषय संपला. पुढे जास्त पिक्सेलवाले आले आणि ते सुख गेलं.

उंटावरचा_शहाणा

एवढं सगळं करण्यापेक्षा फुग्याची रुंदी फिक्स द्या ना, ६०० पिक्सेल, उंची २००. हिशेब सोपा. डिझायनरने पण पिक्सेलमध्येच दिलं असेल.

तिरपागडा

आणि मग ७२० पिक्सेल रुंद फोनवर तो फुगा जवळजवळ सगळी स्क्रीन खाणार आणि १४४० वाल्यावर अर्ध्याहून कमी. शहाणे, नाव सार्थ करताय 😄

पिक्सेल ही प्रोग्रामरची एकक असू नये असं माझं स्पष्ट मत आहे. डीपीचा हिशेब १६० डीपीआय (एका इंचात किती पिक्सेल) धरून आहे, पहिला अँड्रॉइड फोन साधारण तसाच होता, ३२० बाय ४८० चा. १६० ला एक डीपी म्हणजे एक पिक्सेल, ३२० ला दोन, ४८० ला तीन. आता १०८० पिक्सेल रुंदीचा फोन ४८० वर चालत असेल तर तो ३६० डीपी रुंद. तेच १०८० पिक्सेल पण डीपीआय ४२० असेल तर डेन्सिटी (डीपीआय भागिले १६०) २.६२५ आणि रुंदी ४११ डीपीच्या आसपास. पिक्सेल सेम, जागा वेगळी.

खटपट्या, तुम्ही बाणाची आणि बटणाची मधली फट किती ठेवलीये कोडमध्ये? आठ लिहिली असेल तर ती आठ पिक्सेल आहे, म्हणजे तीन डेन्सिटीच्या फोनवर तीन डीपीसुद्धा नाही. चिकटल्यासारखी दिसेल.

आणि ज्यांना राउंडिंगची कटकट आवडते त्यांच्यासाठी, डायमेन रिसोर्स (वेगळ्या फाइलमध्ये लिहिलेली मापं) वाचायचे तीन रस्ते आहेत. गेटडायमेन्शन फ्लोट देतं. पिक्सेलसाइज राउंड करून देतं आणि शून्य नसलेल्याला कमीत कमी एक पिक्सेल तरी देतं. पिक्सेलऑफसेट अपूर्णांक नुसता कापतं. ३ डीपी गुणिले २.६२५ म्हणजे ७.८७५, एकाने वाचलं तर ८ आणि दुसऱ्याने वाचलं तर ७. एक पिक्सेलची ती केसासारखी रेघ दिसते ना दोन व्ह्यूंच्या मध्ये, तिचा उगम पुष्कळदा इथे असतो.

खटपट्या

आठच लिहिली होती 🙂 डायमेनमध्ये टाकली.

आता फुगा मध्यावर येतो. पण दोन तक्रारी. एक, बटण उजव्या कडेला असलं की फुगा बरोबर आत सरकतो पण बाण बटणाला सोडून डावीकडे राहतो. दोन, स्प्लिट स्क्रीनमध्ये खालच्या अर्ध्यात अ‍ॅप असलं की फुगा पार गायब. गेटलोकेशनऑनस्क्रीन वापरतोय.

शून्यमनस्क

दुसरीचं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. ऑनस्क्रीन म्हणजे अख्ख्या डिव्हाइसच्या स्क्रीनच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून. अ‍ॅप खालच्या अर्ध्यात असेल तर त्या वाय मध्ये वरच्या अ‍ॅपची उंचीपण आली. शो-अ‍ॅट-लोकेशनला मात्र विंडोतल्या जागा लागतात. गेटलोकेशनइनविंडो वापरा. फुल स्क्रीनला दोन्हींचं उत्तर सारखं येतं म्हणून हा बग वर्षानुवर्षं लपून राहतो.

पहिलीचं असं की पॉपअप विंडोचं क्लिपिंग डिफॉल्ट ऑन असतं. तुम्ही एक्स दिलात, फुग्याची उजवी बाजू स्क्रीनबाहेर जातेय असं सिस्टिमला दिसलं, तिने फुगा गुपचूप आत ओढला. तुम्हाला सांगितलं नाही. बाण तर फुग्याच्या मध्यावर काढलाय तुम्ही, तो फुग्याबरोबर सरकला. आत ओढायचं काम सिस्टिमवर सोडू नका, स्वतः करा. आधी हवा तो एक्स काढा, मग तो डाव्या मार्जिनपासून विंडोची रुंदी वजा फुगा वजा मार्जिन यांच्यामध्ये दाबून बसवा, आणि बाणाची जागा म्हणजे बटणाचा मध्य वजा हा दाबलेला एक्स. बाण फुग्याच्या मध्यावर नाही, बटणाच्या मध्यावर.

बाणाला पण दोन्ही टोकांना फुग्याच्या गोल कोपऱ्याएवढी हद्द घाला नाहीतर कोपऱ्याच्या बाहेर लटकतो, ते फार वाईट दिसतं.

तिरपागडा

विंडोची रुंदी कुठून घेताय हेही बघा हां. डिस्प्लेची गेटसाइज एपीआय ३० पासून डेप्रिकेटेड आहे. आता करंट विंडो मेट्रिक्स विचारायचं, आणि जुन्या व्हर्जनना पण चालायला हवं असेल तर जेटपॅकच्या विंडो मॅनेजर लायब्ररीतला कॅल्क्युलेटर आहे. फोन घडीचा असेल, स्प्लिट असेल, तर "स्क्रीन केवढी" हा प्रश्नच चुकीचा ठरतो, "माझी खिडकी केवढी" हा प्रश्न. आणि ती खिडकी अ‍ॅप चालू असताना बदलते, त्यामुळे स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये रुंदी साठवणारा कोड दिसला की मी रिव्ह्यूमध्ये लाल शेरा मारतो.

ओवी

माझा एक वेगळा अनुभव. बटण दाबताना आम्ही ते ०.९५ ला स्केल करतो, दाबल्यासारखं वाटायला. त्या अ‍ॅनिमेशनच्या मध्येच हिंट दाखवला तर दोन-चार पिक्सेल तिरका बसतो. रुंदी विचारली तर पूर्ण येते, लोकेशन मात्र सरकलेलं येतं. बरोबर आहे का हे?

निवांत

अगदी बरोबर. स्केल, रोटेशन, ट्रान्सलेशन हे सगळं लेआउट झाल्यानंतर रंगवताना लागतं, गेटविड्थला त्याची खबरही नसते. लोकेशनवाली फंक्शनं मात्र मॅट्रिक्स धरून चालतात. म्हणजे एक आकडा लेआउटच्या जगातला आणि एक डोळ्याला दिसणारा. दोन्ही मिसळू नका. अ‍ॅनिमेशन संपल्यावर मोजा किंवा स्केल न होणाऱ्या आईबापाच्या संदर्भाने मोजा.

गॉनचं (पूर्ण लपवलेला व्ह्यू) पण सांगून ठेवतो, कुणीतरी विचारेलच. जो व्ह्यू सुरुवातीपासून गॉन आहे त्याला आईबाप बहुतेक मोजतच नाही, त्याची रुंदी शून्य राहते. इनव्हिजिबल असेल तर दिसत नाही पण जागा अडवतो आणि मोजलाही जातो. आधी माप हवं असेल तर इनव्हिजिबल ठेवा.

सफरचंदी

आयओएसवाली बोलतेय, मध्येच घुसते. आमच्याकडे हीच कथा व्ह्यू-डिड-लोडची (स्क्रीन लोड झाली की चालणारं फंक्शन). त्यात फ्रेम विचारली तर शून्य येत नाही, त्याहून वाईट, स्टोरीबोर्डमध्ये जो फोन निवडलेला असतो त्याची येते! म्हणजे आकडा खरा दिसतो, त्याच फोनवर टेस्ट केलं तर बरोबरही असतो. शून्य परवडलं, निदान कळतं तरी. खरं माप व्ह्यू-डिड-लेआउट-सबव्ह्यूजमध्ये, आणि तो एकदाच येत नाही, अनेकदा येतो, तेवढं धरून लिहायचं.

वर ओवीने जे स्केलचं सांगितलं त्यात आमच्याकडे नियमच आहे, ट्रान्सफॉर्म लावलेला असेल तर फ्रेमवर विश्वास ठेवू नये, बाउंड्स आणि सेंटर वापरावं. आणि एका व्ह्यूची जागा दुसऱ्याच्या हिशेबात हवी तर कन्व्हर्ट-टू, हाताने बेरजा करत बसायचं नाही.

मजकूर मोजताना बाउंडिंगरेक्ट अपूर्णांक देतो, ४०.२९ वगैरे. तो तसाच लेबलला दिला की शेवटचा शब्द गायब होतो किंवा तीन टिंबं येतात. वरच्या पूर्णांकाला न्यायचा, अ‍ॅपलच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय तसं. नेहमीच्या राउंडने ४०.२९ चे ४० होतात, मग काय उपयोग.

पॉइंटचं म्हणाल तर २०१० च्या आयफोन ४ ला स्क्रीनचे पिक्सेल दोन्ही बाजूंनी दुप्पट झाले, ३२० बाय ४८० चे ६४० बाय ९६०, पण कोडमधले पॉइंट तेच राहिले म्हणून जुनी अ‍ॅपं जशीच्या तशी चालली.

खटपट्या

मजकुराचा विषय निघालाच आहे तर... फुग्यात मराठी मजकूर टाकला की रुंदी चुकते. मी फुगा कापायला एकेक अक्षराची रुंदी मेझरटेक्स्टने घेऊन बेरीज करतोय. इंग्रजीला जवळपास जुळते, मराठीला बेरीज बरीच मोठी येते. आणि वरच्या मात्रा, रफार कापले जातात.

शून्यमनस्क

बेरीज करू नका कधीच. देवनागरीत साठवलेलं एकेक युनिकोड आणि स्क्रीनवर दिसणारा आकार यांचा एकास एक संबंध नसतो. क, हलंत, ष हे तीन वेगळे मोजले तर तीन रुंद्या, एकत्र दिले तर एकच क्ष. पहिली वेलांटी क च्या आधी जाऊन बसते, रफार डोक्यावर चढतो, त्याला स्वतःची वेगळी रुंदी जवळजवळ नसतेच. हे जोडकाम शेपिंग इंजिन करतं, अँड्रॉइडमध्ये हार्फबझ. अख्खी स्ट्रिंग द्या, अख्ख्या स्ट्रिंगची रुंदी घ्या. कुठे मोडायचं ते हवं असेल तर स्टॅटिकलेआउट बनवा, त्याला रुंदी द्या, तो ओळी किती आणि उंची किती दोन्ही सांगतो.

मेझरटेक्स्ट आणि गेटटेक्स्टबाउंड्स यांचीही सरमिसळ करू नका. पहिला सांगतो मजकूर किती पुढे सरकेल, म्हणजे अक्षराच्या आजूबाजूची मोकळी जागा धरून. दुसरा सांगतो शाई कुठून कुठपर्यंत आहे. जागा द्यायला पहिला, चौकट घट्ट बसवायला दुसरा.

जुनाखोड

मात्रा कापल्या जातात त्याचं कारण बहुधा दोनपैकी एक. इन्क्लुडफॉन्टपॅडिंग फॉल्स केलेलं असतं, डिझायनरला वर मोकळी जागा आवडत नाही म्हणून. किंवा तुमचा ब्रँडचा फॉन्ट फक्त रोमन लिपीचा आहे, मराठी अक्षरं त्यात नाहीत, ती सिस्टिमच्या दुसऱ्या फॉन्टमधून येतात, आणि तुम्ही उंची मात्र पहिल्या फॉन्टच्या फॉन्टमेट्रिक्सवरून काढताय. दुसऱ्याच्या मात्रा पहिल्याच्या उंचीत कशा मावणार. एपीआय २८ पासून फॉलबॅक लाइनस्पेसिंग आहे, ते असलं की ओळीची उंची खरोखर वापरलेल्या फॉन्टवरून ठरते. पण हे सगळं तेव्हाच, जेव्हा तुम्ही व्ह्यूला उंची फिक्स देत नाही. मजकुराच्या व्ह्यूला फिक्स उंची देऊ नये, कारण काहीही असो.

तिरपागडा

+१. आणि फॉन्ट मोठा करणारे युजर असतात हे पण आठवा. अँड्रॉइड १४ पासून फॉन्ट २०० टक्क्यांपर्यंत जातो आणि तो सरळ गुणाकार नाहीये, छोटा मजकूर जास्त वाढतो, आधीच मोठा असलेला मथळा कमी वाढतो. त्यामुळे एसपीला (मजकुराचं माप) स्केल्डडेन्सिटीने गुणणारा जुना कोड आता चुकीचं उत्तर देतो. टाइप्डव्हॅल्यूचं अप्लाय-डायमेन्शन वापरा.

फुग्यावर बंद करायची फुली असेल तर ती ४८ डीपीची ठेवा. आकृती २४ ची असली तरी दाबायची जागा ४८ बाय ४८.

उंटावरचा_शहाणा

४८ डीपी म्हणजे ९ मिलिमीटर असं गूगलच्या मटेरियल डिझाइनच्या गाइडलाइनमध्ये लिहिलंय. पण ४८ भागिले १६० म्हणजे ०.३ इंच, म्हणजे ७.६२ मिमी. आता बोला!

तिरपागडा

अरे वा, हा मुद्दा मात्र चांगला काढलात. हिशेब तुमचा बरोबर आहे. डीपी ही मिलिमीटरची पट्टी नाही. कंपनी फोनला १६०, २४०, ३२०, ४२०, ४८० असा एखादा आकडा लावते, तो पडद्याच्या खऱ्या घनतेच्या जवळपासचा असतो, तोच असतो असं नाही, आणि अँड्रॉइड ७ पासून तर युजर सेटिंगमध्ये जाऊन डिस्प्ले साइज बदलतो की डेन्सिटीच बदलते. त्यामुळे तेच बटण एका फोनवर ७ मिमी भरेल, दुसऱ्यावर ९. खरे मिलिमीटर हवे असतील, म्हणजे कुणी स्क्रीनवर फूटपट्टीचं अ‍ॅप बनवत असेल, तर एक्सडीपीआय, वायडीपीआय (आडवी आणि उभी खरी घनता) वाचायचे. तेही कंपनीने नीट भरलेले असतील तरच.

आयओएसला ४४ पॉइंट, वेबच्या डब्ल्यूसीएजी २.२ या सुलभतेच्या नियमांत एए लेव्हलला २४ सीएसएस पिक्सेल आणि एएए ला ४४. अंगठा तोच, आकडे वेगळे.

ओवी

आम्ही नवीन स्क्रीन सगळे कंपोजमध्ये (अँड्रॉइडची नवी यूआय पद्धत) करतोय. तिथे हे सगळं कसं?

निवांत

कंपोजमध्ये नियम कडक आहे, एका फेरीत एका पोराला एकदाच मोजायचं. दुसऱ्यांदा मोजायला गेलात तर सरळ एक्सेप्शन. कारण जुन्या पद्धतीत वेट दिलेला लिनियर लेआउट किंवा रिलेटिव्ह लेआउट पोरांना दोनदा मोजतो, त्यांच्या आत तसेच अजून घातले की प्रत्येक पातळीला दुप्पट, चार पातळ्या खोल गेलात की सगळ्यात आतला सोळा वेळा मोजला जातो. मोजायच्या आधी अंदाज हवा असेल तर इंट्रिन्सिक मेजरमेंट वेगळं दिलंय.

माप हवं तर ऑन-साइज-चेंज्ड, जागा हवी तर ऑन-ग्लोबली-पोझिशन्ड. पण त्यात मिळालेला आकडा स्टेटमध्ये टाकून त्यावर दुसरं काही मांडलंत तर पहिली फ्रेम चुकीची आणि दुसरी बरोबर असा एक झटका डोळ्याला दिसतो.

फुग्यासाठी तर हे काही लागतच नाही. पॉपअप पोझिशन प्रोव्हायडर लिहा. त्याचं एकच फंक्शन आहे आणि त्याला सिस्टिम स्वतः आणून देते: अँकरची (ज्याच्यावर फुगा टेकतो त्याची) चौकट, विंडोची साइज, फुग्याची मोजलेली साइज, आणि भाषा डावीकडून की उजवीकडून. तुम्ही एक्स, वाय परत द्या, बस. खटपट्या जी तीन मापं गोळा करत फिरतोय ती ताटात वाढून मिळतात. फ्लटरमध्ये (गूगलचं दुसरं यूआय टूलकिट) पण तसंच आहे, कस्टम-सिंगल-चाइल्ड-लेआउटच्या डेलिगेटला पोराची साइज मोजून झाल्यावर विचारतात की याला कुठे ठेवू. तिथले लोक ग्लोबलकी लावून, फ्रेम संपल्यावरचा कॉलबॅक घेऊन, रेंडरबॉक्सची साइज वाचत बसतात, आणि बऱ्याचदा त्याची गरज नसते.

माझं म्हणणं एवढंच की "माप कसं काढू" च्या आधी "हे माप लेआउट करणाऱ्याच्या हातात आधीच आहे का" हे विचारा. असेल तर तुमचा कोड तिथे न्या, माप तुमच्याकडे आणू नका. जुन्या व्ह्यू सिस्टिममध्येही स्वतःचा छोटा व्ह्यूग्रुप लिहून ऑनमेझर, ऑनलेआउटमध्ये हेच करता येतं.

शून्यमनस्क

इथे थोडा असहमत. एका हिंटसाठी व्ह्यूग्रुप लिहायचा, मग तो सांभाळायचा, नवीन माणूस आला की त्याला समजवायचा... डू-ऑन-लेआउट आणि एक अ‍ॅटमोस्ट मेझर, वीस ओळींत काम होतंय. पाच ठिकाणी लागलं तर लिहू व्ह्यूग्रुप.

निवांत

मान्य, एका ठिकाणासाठी तुमचंच बरोबर.

खटपट्या

झालं! आता असं केलंय: डू-ऑन-लेआउटमध्ये बटणाची रुंदी आणि लोकेशनइनविंडो, फुगा अ‍ॅटमोस्टने मोजला, एक्स हाताने दाबून बसवला, बाण बटणाच्या मध्याच्या हिशेबाने. स्प्लिट स्क्रीन, फॉन्ट २०० टक्के, डिस्प्ले साइज सगळ्यात मोठी, मराठी मजकूर, सगळं बघितलं. वर जागा नसेल तर फुगा खाली उघडतो, त्याला मोजलेली उंची कामाला आली. डेव्हलपर ऑप्शनमधलं लेआउट बाउंड्स दाखवायचं सेटिंग ऑन करून बघितलं तर चौकटी बरोबर जुळतायत.

एकच राहिलं. टार्गेट ३५ (अँड्रॉइड १५ चा एपीआय क्रमांक) केल्यावर अँड्रॉइड १५ च्या फोनवर वरचा फुगा स्टेटस बारच्या खाली घुसतो.

तिरपागडा

टार्गेट ३५ ला एज-टू-एज सक्तीचं आहे, तुमची विंडो आता स्टेटस बारच्या मागपर्यंत जाते. म्हणजे विंडोची उंची खरी आहे पण सगळी वापरायची नाही. विंडो इन्सेट्समधून (कडेची अडलेली जागा) सिस्टिम बार आणि डिस्प्ले कटआउट (कॅमेऱ्याची खाच) दोन्ही घ्या, आणि वर जागा आहे की नाही हे ठरवताना शून्याऐवजी टॉप इन्सेटपासून मोजा. आडव्या फोनमध्ये कटआउट डाव्या किंवा उजव्या कडेला येतो, तेव्हा एक्स दाबतानाही तेच.

ओवी

आणि हिंट लिस्टच्या रो मधल्या बटणावर असेल तर? स्क्रोल केल्यावर बटण जातं वर, फुगा तिथेच.

शून्यमनस्क

स्क्रोल सुरू झाला की फुगा बंद. पाठलाग करायला लावू नका त्याला. रिसायकलर व्ह्यूमध्ये (तेच रो परत वापरणारी लिस्ट) तर बिलकुल नको, तुम्ही पोस्ट केलेलं काम चालेपर्यंत तोच व्ह्यू दुसऱ्या रो ला दिलेला असतो आणि फुगा भलत्याच बटणावर बसतो. बाइंडमध्ये (रो मध्ये डेटा भरताना) पोस्ट करत असाल तर चालताना पोझिशन परत तपासा, जुळत नसेल तर सोडून द्या.